कॅफेत काम करताना: काउंटरमागचे नियम, पगार, शिफ्ट आणि ग्राहक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्या-मुंबईतच नव्हे, आता सांगली-जळगावातही चांगलं मशीन असलेले कॅफे झाले आहेत. तिथे काउंटरमागे उभी असलेली मुलं-मुली बहुतेक विशीतली. कुणी कॉलेज सांभाळून शिफ्ट करतं, कुणी हॉटेल मॅनेजमेंट शिकून आलंय, कुणी गावाहून येऊन कॉट बेसिसवर राहतंय. नव्या मुलांना शिकवताना जे प्रश्न मला पुन्हापुन्हा विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. कायद्याच्या गोष्टी महाराष्ट्रापुरत्या आहेत.

वाचण्याआधी एक फरक डोक्यात ठेवा. 'आपल्याकडे असा नियम आहे' हे वाक्य कॅफेत रोज ऐकू येतं. पण त्या 'नियमा'त कधी कायदा असतो, कधी कंपनीचं धोरण आणि कधी नुसती मॅनेजरची सवय. कायदा मॅनेजरलाही बदलता येत नाही. धोरण लेखी मागता येतं. सवयीबद्दल बोलता येतं, जरा वेळ बघून.

रुजू होताना

नोकरी लागली, पण हातात कागद काहीच नाही. चालतं का?

नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यानुसार नेमणूक पत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. पत्रात हुद्दा, पगार आणि रुजू होण्याची तारीख असायला हवी. 'पत्र प्रोबेशन संपल्यावर' हे उत्तर फार ठिकाणी मिळतं. तसं झालं तर निदान एक व्हॉट्सॲप किंवा मेल पाठवून ठेवा: 'सर, मी अमुक तारखेपासून अमुक पगारावर रुजू झालो, पत्र कधी मिळेल?' समोरून 'ओके' आलं तरी तो पुरावा झाला.

मूळ मार्कशीट जमा करायला सांगतात. देऊ का?

देऊ नका. झेरॉक्स द्या आणि मूळ प्रत दाखवून परत घ्या. आधार, पॅन, बँक पासबुक आणि जुना यूएएन नंबर (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) असेल तर तो, एवढं पुरतं. मूळ कागद अडकवून ठेवणारी जागा पुढे पगारही अडकवते, असा माझा अनुभव आहे.

डॉक्टरचं सर्टिफिकेट कशाला मागतात?

हा खरा कायदा. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याच्या नियमांत, परिशिष्ट ४ मध्ये आहे. टायफॉइडची लसही त्यातच येते. परवाना कॅफेचा असल्यामुळे तपासणीचा खर्च कॅफेने करावा हे रास्त. तुमच्या खिशातून करायला सांगितलं तर निदान विचारा तरी.

'दोन-तीन दिवस ट्रायल करा, मग बघू' म्हणतात. त्या दिवसांचे पैसे?

समोर बसून दोन कॉफ्या करून दाखवणं ही परीक्षा. पूर्ण शिफ्ट ग्राहकांना कॉफी देणं हे काम, आणि कामाला किमान वेतन लागतं. आठवडाभर फुकट ट्रायल घेऊन नंतर 'फिट नाही वाटलं' म्हणणारे कॅफे आहेत. दर महिन्याला त्यांच्याकडे नवा ट्रायलवाला दिसतो, त्यावरून ते ओळखू येतात.

नखं, दाढी, कानातलं, मेंदी: यातलं काय खरंच सक्तीचं?

नखं कापलेली, केस टोपीत किंवा जाळीत, हातात अंगठ्या-बांगड्या-घड्याळ नाही, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी, उलटी-जुलाब असताना अन्नाला हात नाही. हे सगळं अन्नसुरक्षेचं आहे आणि तिथे वाद घालू नये. नेलपेंटही त्यातच धरा, कारण त्याचा टवका दुधाच्या फेसात पडला तर दिसतो. मंगळसूत्र एप्रनच्या आत घेतलं की बहुतेक ठिकाणी हरकत घेत नाहीत.

काळीच पँट, दाढी इतकीच, टॅटू झाकलेला, हे कंपनीचं धोरण. मेंदीवर मनाई सहसा मॅनेजरची सवय असते. एप्रन आणि टी-शर्टचे पैसे पगारातून कापणार आहेत का, हे मात्र पहिल्याच दिवशी विचारा.

बूट स्वतःचे चांगले घ्या. न घसरणारा तळवा आणि बंद पुढचा भाग. आठ तास ओल्या फरशीवर उभं राहायचं आहे. इथे पाचशे रुपये वाचवले तर ते गुडघ्यातून वसूल होतात.

पहिल्या आठवड्यात मशीनला हात लावायला मिळतो का?

क्वचित. भांडी, फरशी, दुधाचे क्रेट, टेबलं आणि बिलिंग बघणं, यातच आठवडा जातो. मला हे बरोबरच वाटतं. कोणतं दूध आधी संपवायचं, कोणतं भांडं कुठे, गर्दी कोणत्या मिनिटाला येते हे न कळता मशीनवर उभं राहिलेलं माणूस सगळ्यांची लाइन अडवतं. पण दीड-दोन महिने झाले तरी नुसती भांडीच चालू असतील आणि पगारपत्रकावर 'बरिस्ता' (कॉफी बनवणारा) लिहिलं असेल, तर शांतपणे विचारायची वेळ झाली.

शिफ्ट, ब्रेक आणि सुट्टी

दिवसाला किती तास काम कायद्याने करून घेता येतं?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ हा आपला मुख्य कायदा. मूळ कायद्यात दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा, सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती, आणि जादा कामाला दुप्पट दर. जादा काम तीन महिन्यांत १२५ तासांपर्यंत. २०२५ मध्ये राज्य सरकारने यात बदल केले: दिवसाचे तास १० झाले, जादा कामाची तिमाही मर्यादा १४४ तास झाली आणि १० ऐवजी २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना हा कायदा पूर्णपणे लागू झाला. आठवड्याचे ४८ तास मात्र तसेच आहेत. म्हणून रोज दहा तास उभं करून सहा दिवस बोलावलं तर वरचे बारा तास जादा काम ठरतात. 'आता दहा तासांचा कायदा आलाय' एवढंच अर्धं वाक्य सांगणारे मॅनेजर भरपूर भेटतील.

आमच्या कॅफेत जेमतेम आठ जण आहेत. मग आम्हाला काहीच लागू नाही?

दुकाने कायद्यातल्या तासांच्या आणि रजांच्या तरतुदी अशा छोट्या जागेला थेट लागू होत नाहीत. ही मोठी भेग आहे आणि बरेचसे स्वतंत्र कॅफे तिच्यातच बसतात. पण किमान वेतन एकाच कामगाराला ठेवलं तरी लागतं. पगार वेळेवर देणं लागतं, पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागतो, अन्नसुरक्षा लागते. साखळीतल्या कॅफेत काम करत असाल तर कंपनीचं रजेचं आणि तासांचं धोरण सहसा सगळ्या शाखांना एकच असतं. ते पीडीएफ मागून घ्या.

ब्रेक शिफ्ट म्हणजे काय? करावी का?

सकाळी ८ ते १२, मग घरी जा, परत संध्याकाळी ६ ते १०. कागदावर आठ तास, प्रत्यक्षात पूर्ण दिवस गेला. कायद्यात कामाच्या तासांबरोबरच त्यांचा पसाराही मोजतात. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, मधल्या सुट्टीसकट, मूळ मर्यादा साडेदहा तास आणि अधूनमधून किंवा तातडीने चालणाऱ्या कामाला बारा. वरच्या उदाहरणात पसारा १४ तासांचा झाला. घर पायी दहा मिनिटांवर असेल तर काही जण खुशीने करतात, दुपारी झोप मिळते म्हणून. घर हडपसरला आणि कॅफे बाणेरला असेल तर या भानगडीत पडू नका.

क्लोजिंग अकराचं, घरी निघायला साडेबारा. तो दीड तास कुणाचा?

तुमच्या कामाचा. सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथेच, म्हणून जरा सविस्तर.

ग्राहक गेल्यावर कॅफे बंद होत नाही. ग्रुप हेडमध्ये (मशीनच्या ज्या तोंडातून कॉफी येते तिथे) बंद बास्केट लावून पावडर टाकून बॅकफ्लश करायचा (आतला भाग उलट पाण्याने धुवायचा), स्टीम वाँड (वाफेची नळी) भिजवून पुसायचा, ग्राइंडरच्या हॉपरमधलं (बीन्सच्या डब्यातलं) तेल पुसायचं, ड्रिप ट्रे आणि त्याखालची नळी धुवायची (ती तुंबली की सकाळी ओपनिंगवाला शिव्या घालतो), डिस्प्लेमधला माल फ्रिजमध्ये, प्रत्येक डब्यावर तारखेचं लेबल, फ्रिजचं तापमान वहीत, वेस्टेजची नोंद, कचरा खाली, फरशी, मग कॅश आणि यूपीआयची टॅली. दोन माणसांत हे सव्वा तासाच्या खाली नीट होत नाही. रोस्टरवर (शिफ्टच्या वेळापत्रकावर) मात्र शिफ्ट 'तीन ते अकरा' अशी छापलेली असते. काही ठिकाणी तर बायोमेट्रिक आधी पंच आउट करायला लावतात आणि मग साफसफाई.

पंच आउट शेवटीच करा. ते जमू देत नसतील तर फोनवर स्वतःची नोंद ठेवा: तारीख, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ. टॅलीच्या मेसेजला लागलेली वेळ हाही पुरावा असतो. महिन्याअखेरीस भांडण न करता ती यादी एचआरला मेल करा. माझ्या पाहण्यात निम्म्या वेळा 'हे कुणी लक्षातच आणून दिलं नव्हतं' असं उत्तर येतं आणि रोस्टर बदलतं. उरलेल्या निम्म्या वेळा काय करायचं ते पुढे तक्रारीच्या भागात आहे.

मुलींना रात्री उशिरा थांबवता येतं का?

२०१७ च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीनेच कामाला लावता येतं, आणि मग संरक्षण व घरापर्यंतच्या वाहनाची सोय मालकाकडे. संमती म्हणजे रोस्टरवर नाव टाकून 'कुणाला प्रॉब्लेम?' विचारणं नव्हे. 'कॅब बुक कर, पैसे नंतर देतो' असं असेल तर ते नंतर कधी, हे आधी ठरवून घ्या. सकाळी सातला उघडणाऱ्या कॅफेत ओपनिंगवालीला साडेसहाला पोचावं लागतं, तीही वेळ याच नियमात बसते. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

शनिवार-रविवार सुट्टी?

विसरा. धंदाच त्या दोन दिवसांचा. आठवड्यातून सलग २४ तासांची एक सुट्टी हा हक्क आहे, वार मालक ठरवतो. त्या दिवशी बोलावलं तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी मिळायला हवी. 'कॉम्प ऑफ जमा आहेत तुझ्या' हे तोंडी ऐकू नका, संख्या लिहून घ्या.

सणाला काय?

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आपसात ठरवलेले आणखी चार दिवस, अशा आठ भरपगारी सुट्ट्या दुकाने कायद्यात आहेत. त्या दिवशी काम केलं तर दुप्पट पगार आणि बदली सुट्टी. शिवाय वर्षाला आठ किरकोळ रजा (वर्ष संपलं की जातात), आणि वर्षात २४० दिवस भरले असतील तर दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा, जी ४५ पर्यंत साठते.

वास्तव असं की दिवाळीत गावी जायचं तर अर्ज गणपतीतच टाकावा लागतो. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी मध्य वस्तीतले रस्ते बंद असतात. दूध पहाटे आत घ्यावं लागतं आणि घरी कसं जायचं याचा विचार शिफ्टच्या आधी करावा लागतो. अशा दिवसाची शिफ्ट जवळ राहणाऱ्याने घ्यावी आणि त्याला दिवाळीत पहिला नंबर द्यावा. कुठल्या कायद्यात नाही हे, पण चांगल्या टीम असंच चालवतात.

गिऱ्हाईक नसताना बसलं तर ओरडतात.

केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यातच लिहिलं. कापड दुकानांत दिवसभर उभ्या असणाऱ्या बायकांनी लढून मिळवलेली गोष्ट आहे ती. आपल्याकडे काउंटरच्या आतल्या बाजूला एक स्टूल मागून बघा. ग्राहकाला दिसत नाही अशा जागी असेल तर मॅनेजर बहुधा हो म्हणतो.

पगार, कपात आणि टिप

ठरलेल्या पगारापेक्षा हातात कमी का येतो?

पगारपत्रक मागा आणि या ओळी शोधा. पीएफ: वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी तुमचे १२ टक्के आणि तेवढेच मालकाचे. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा): महिना पगार २१,००० पर्यंत असेल तर तुमचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. व्यवसाय कर: पुरुषांना १०,००० वर महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना २५,००० पर्यंत हा कर नाहीच. दर फेब्रुवारी-मार्चला 'शंभर रुपये कमी आले' असा फोन येतो तो यामुळे.

'सीटीसी'मध्ये (कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चात) मालकाचाही पीएफ धरलेला असतो, त्यामुळे मुलाखतीत नेहमी 'हातात किती' एवढंच विचारा. आणि कापलेला पीएफ खरंच भरला जातोय का ते उमंग ॲपवर पासबुकात बघा. कापला आणि भरला नाही, असं होतं.

ईएसआयची कपात बघून नाक मुरडू नका. आजारपणात डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, कामावर भाजलं-पडलं तर उपचार आणि भरपाई. फक्त ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र) स्वतः काढून घ्या. गरज पडते तेव्हा ते नेमकं हाताशी नसतं.

किमान वेतन किती?

परिमंडळ आणि कौशल्याच्या श्रेणीप्रमाणे बदलतं, आणि त्यावरचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा सुधारतो. म्हणून आकडा इथे देत नाही. कामगार विभागाच्या संकेतस्थळावर चालू सहामाहीचा बघा. बरिस्ता म्हणून नेमून 'अकुशल' श्रेणीचा दर लावला असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे.

कप फुटला, कॅश कमी आली, ऑर्डर चुकली. पगारातून कापतात. बरोबर आहे?

सरसकट नाही. नुकसान तुमच्याच निष्काळजीपणामुळे झालं असेल आणि ती वस्तू किंवा रोकड तुमच्या ताब्यात दिलेली असेल, तरच कपात करता येते, तीही तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर आणि नुकसानापेक्षा जास्त नाही. दंड वेगळा: तो कशाकशासाठी आकारणार याची यादी आधी मंजूर करून लावलेली हवी आणि त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाहीत.

आता काउंटरवरचं चित्र बघा. एकाच ड्रॉवरमध्ये चार जण हात घालतात, रात्री ३५० रुपये कमी भरतात आणि चौघांत वाटून कापतात. इथे 'तुमच्या ताब्यात' ही अटच पूर्ण होत नाही. उपाय सोपा आहे: शिफ्ट बदलताना ड्रॉवर मोजून दोघांनी सही करायची. तीन मिनिटं लागतात. मॅनेजर टाळत असेल तर तुम्हीच सुरू करा. यूपीआयचा फरक बहुतेक वेळा फसलेल्या पेमेंटचा असतो. ग्राहकाच्या फोनवरची हिरवी खूण बघून सोडू नका, आपल्या साउंडबॉक्सवर किंवा ॲपवर आल्यावरच कप द्या.

सकाळी ग्राइंडर सेट करताना फुकट जाणारे शॉट (एस्प्रेसोचे घोट), जास्त तापलेलं दूध, ही धंद्याची वेस्टेज. तिची नोंद होते, कपात होत नाही.

टिप कुणाची? सर्व्हिस चार्ज आम्हाला मिळतो का?

टिप ग्राहक माणसाला देतो, सर्व्हिस चार्ज कॅफे लावतो. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ग्राहकाने 'काढा' म्हटलं तर वाद न घालता काढा, मॅनेजरला बोलवायची वाट बघू नका.

टिपच्या वाटपाला ठरलेला कायदा नाही, त्यामुळे भांडणं होतात. बरणीतली रोख रोज रात्री मोजून त्या दिवशी हजर असलेल्यांत, भांडी घासणाऱ्या मावशींसकट, वाटावी असं माझं मत. आता लोक टिप यूपीआयने देतात आणि ती थेट कंपनीच्या खात्यात जाते. ती महिन्याला कशी परत येते हे विचारा. 'सिस्टिममध्ये वेगळी दिसत नाही' असं उत्तर आलं तर टीमने वेगळा क्यूआर मागावा.

दिवाळीचा बोनस हक्काचा की खुशीचा?

वीस किंवा जास्त कर्मचारी, पगार २१,००० पर्यंत आणि वर्षात निदान ३० दिवस काम केलेलं असेल तर किमान ८.३३ टक्के हक्काचा. मिठाईचा डबा त्याच्यात धरत नाहीत.

मशीन आणि शरीर

काल जमलेली कॉफी आज का बिघडते?

हवा बदलली, बीन्सचं पाकीट बदललं, ग्राइंडर तापला. पावसाळ्यात तर दुपारी आणि सकाळी वेगळं सेटिंग लागतं. साधारण १८ ग्रॅम पूड, २५ ते ३० सेकंद, हे सुरुवातीचं माप. शॉट भसकन आला तर बारीक दळा, थेंबथेंब आला तर जाड. दूध ६०-६५ अंशांपर्यंत, त्यापुढे गोडवा जातो. 'एक्स्ट्रा हॉट' मागणाऱ्या काकांना तसंच द्या, त्यांना शिकवायला जाऊ नका.

दिवसभर चाखून रात्री झोप लागत नाही.

चाखा आणि थुंका, गिळू नका. ओपनिंगला उपाशीपोटी तर मुळीच नको, आधी दोन पोळ्या किंवा पोहे तरी. दुपारी चारनंतर टेस्टिंग दुसऱ्यावर सोपवा. पाणी पीत राहा. गर्दीत पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं टाळणं ही या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय, आणि मुलींना तिचा त्रास जास्त होतो.

वाफेने भाजलं तर?

लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. अंगठी-घड्याळ सूज यायच्या आत काढा. फोड फोडू नका. मोठं असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर दवाखाना. 'वीस मिनिटं? बाहेर लाइन आहे!' असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. अपघात नोंदवहीत त्याच दिवशी लिहायला लावा, ईएसआयच्या दाव्याला ती नोंद लागते.

मनगट आणि पाठ हळूहळू जातात. टॅम्प करताना (पूड दाबताना) मनगट सरळ, जोर खांद्यातून. दुधाचा क्रेट वाकून नाही, बसून उचला.

उरलेलं सँडविच घरी नेलं तर चोरी?

कंपनीच्या धोरणात बघा. बहुतेक साखळ्यांत टाकून द्यायचा मालही नेता येत नाही आणि त्यावरून नोकरी गेलेली मुलं मी पाहिली आहेत. मला स्वतःला हा नियम पटत नाही. पण सीसीटीव्हीला तुमचं-माझं मत दिसत नाही. शिफ्टमागे किती कॉफ्या फुकट, त्या बिलिंगमध्ये पंच करायच्या का, हे विचारून घ्या.

ग्राहक

एक कॅपुचिनो घेऊन चार तास बसणाऱ्याला उठवायचं का?

कायदा गप्प आहे, धोरण हवं. तुमचं काम इतकंच: दर तासाने जाऊन 'अजून काही आणू?' विचारणं. गर्दीत चार जणांचं टेबल एकाने अडवलं असेल तर छोट्या टेबलावर यायची विनंती करा, प्लग दाखवून. प्लग दिसला की लॅपटॉपवाले लगेच उठतात.

पाण्याची बाटली एमआरपीपेक्षा महाग दिली म्हणून ओरडतात.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटना बसून पिण्यासाठीच्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त लावायची मुभा दिली. पण हे ग्राहकाला सांगून भांडण मिटत नाही. ग्लासात साधं फिल्टरचं पाणी पुढे करा, तेव्हा मिटतं. जीएसटी ५ टक्के, तो बिलात वेगळा दिसतो. दर तुम्ही ठरवलेला नाही, हे हसून सांगता येतं.

'यात अंडं आहे का?' याचं उत्तर अंदाजाने द्यावं का?

कधीच नाही. ब्राउनी, कुकी, चीजकेक यांची यादी काउंटरच्या आत चिकटवा. खात्री नसेल तर 'विचारून सांगतो' म्हणा. शाकाहारी-मांसाहारी चिमटे वेगळे. बदामाच्या दुधाचा जग वेगळा, कारण कुणाला सुक्यामेव्याची ॲलर्जी असू शकते आणि तिथे चूक दवाखान्यात नेते. 'उपवासाला कोणती कॉफी चालते?' हे आषाढी-चतुर्थीला हमखास येतं. साखर-दुधाची यादी सांगा, निर्णय त्यांच्यावर सोडा.

ग्राहक अंगचटीला आला, नंबर मागत राहिला, व्हिडिओ काढू लागला. हे 'कस्टमर इज गॉड' म्हणून सहन करायचं?

नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागी ग्राहकाने केलेला छळही येतो, आणि त्या वेळी मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे किंवा शी-बॉक्स पोर्टलवर तक्रार करता येते. मुदत तीन महिने. तक्रार मॅनेजरविरुद्ध असली तरी हाच रस्ता.

त्या क्षणी: काउंटर सोडून आत जा, पुरुष सहकाऱ्याला नको, शिफ्ट इनचार्जलाच पाठवा, कारण जबाबदारी त्याची आहे. सीसीटीव्ही रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवायची लेखी विनंती त्याच दिवशी करा. धोका वाटला तर ११२.

रायडर (ॲपवरच्या ऑर्डर न्यायला येणारा) आणि एका ताऱ्याचं रेटिंग?

रायडरला पाणी द्या, ऊन असेल तर आत उभं राहू द्या. त्याची आणि तुमची घाई सारखीच आहे. वाईट रेटिंगसाठी पगार कापणं वर सांगितलेल्या कपातीच्या नियमात बसत नाही.

पुढचा रस्ता, तक्रार आणि निघणं

तक्रार कुठे करायची, आणि नोकरी जाईल का?

आधी एचआरला लेखी. मग जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात. सोबत नेमणूक पत्र, बँक स्टेटमेंट, रोस्टरचे फोटो आणि तुमची तास लिहिलेली यादी. भीती खरी आहे, ती नाही असं मी म्हणणार नाही. एकट्याने जाण्यापेक्षा चार जणांच्या सह्या असल्या तर कारवाई व्यक्तीवर येत नाही. मोठी कंपनी बहुधा पहिल्या पत्रालाच हलते. छोटा मालक चिडतो, पण हिशेब करतो.

यात पुढे काही आहे का, की दोन वर्षं आणि मग दुसरं काही?

बरेच जण दोन वर्षांतच जातात, आणि त्यात वावगं काही नाही. थांबणाऱ्यांसाठी शिफ्ट सुपरवायझर, स्टोअर मॅनेजर, ट्रेनर, रोस्टरीतलं काम असे रस्ते आहेत. इथे 'रोस्टरी' म्हणजे बीन्स भाजायचा कारखाना. बंगळुरूचं कॉफी बोर्ड 'कापी शास्त्र' नावाचा अभ्यासक्रम चालवतं. राष्ट्रीय बरिस्ता स्पर्धाही होते, तिथे छोट्या कॅफेतली मुलंही उतरतात.

आणखी एक रस्ता होता, आजही आहे, फक्त आपण तो विसरलोय. पहिलं इंडिया कॉफी हाउस १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला उघडलं. पन्नासच्या दशकात कॉफी बोर्डाने ही दुकानं बंद करायला घेतली, कामगार रस्त्यावर यायची वेळ आली. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून दुकानंच चालवायला घेतली. १९५७ मध्ये बंगळुरू आणि दिल्लीत, १९५८ मध्ये केरळात. डोक्यावर तुरेवाली पगडी घातलेला जो माणूस कॉफी आणून देतो, तोच त्या संस्थेचा सभासद असतो. सहकार कशाशी खातात हे महाराष्ट्राला शिकवायला नको, साखर आणि दूध दोन्ही आपण त्याच वाटेने उभं केलं. सहकारी कॅफे कुणी काढत असेल तर मला बघायला आवडेल.

राजीनामा दिला, पगार अडकवलाय. 'बॉन्ड आहे' म्हणतात.

नव्या वेतन संहितेनुसार नोकरी सोडल्यावर किंवा काढल्यावर दोन कामाच्या दिवसांत शिल्लक पगार द्यायचा असतो. नोटीसचा काळ नेमणूक पत्रात असेल तो पाळा, नाहीतर तेवढे पैसे वळते करतात. बॉन्डच्या नावाखाली आधीच केलेल्या कामाचा पगार रोखता येत नाही. प्रशिक्षणाचा खर्च मागत असतील तर तो खरंच झाला होता का, याचा हिशेब लेखी मागा.

शेवटच्या दिवशी काय घेऊन निघायचं?

अनुभवाचा दाखला, शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं, पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख भरल्याची खात्री (ती भरली नाही तर रक्कम पुढे हलत नाही), उरलेल्या अर्जित रजेचे पैसे. यूएएन तोच राहतो, नवीन ठिकाणी तोच द्या. एप्रन आणि लॉकरची किल्ली परत केल्याची पोच घ्या. आणि व्हॉट्सॲप ग्रुप सोडायच्या आधी रोस्टरचे जुने फोटो उतरवून घ्या.